नासपतीचं छप्पर

ते पत्र मीच पोचवलं.
जिल्हा कचेरीचं, पातळ, खिडकीवालं पाकीट.
एकोणीस वर्षं सार्तच्या या रस्त्यावर टपाल वाटते मी,
पाकिटाच्या जाडीवरून कळतं
आत लग्न आहे की वसुली.
याचं काही कळेना.

आन्सेल्म पिव्हरों फाटकाशीच होता,
गुडघ्यापर्यंत चिखल, खिशात मक्याचे दाणे.
चष्मा घरात राहिलाय म्हणाला, तूच वाच.
वाचलं:
उत्तरेकडून येणाऱ्या बदकांबरोबर पाखरांचा रोग आलाय,
सोमवारपासून सगळी कोंबडी छपराखाली.
सगळी. अपवाद नाही.

तो काही बोलला नाही. त्यानं वर पाहिलं.

वर, नासपतीच्या उघड्या फांद्यांवर,
ला फ्लेशच्या चौदा कोंबड्या
संध्याकाळ अंगावर ओढून बसल्या होत्या.
काळ्या, पण काजळासारख्या नव्हेत;
ओल्या पाटीसारख्या,
मान वळली की आत काहीतरी हिरवं हलतं.
कानाशी पांढरा डाग,
पिठाचं बोट कुणी पुसावं तसा.
आणि तुऱ्याच्या जागी दोन लाल शिंगं.

शिंगं! आन्सेल्मची आई
बाजाराला जाताना टोपलीवर फडकं टाकायची,
वाटेत कुणी बघून छातीवर क्रूस काढायला नको.
सगळ्यांत शिंगाळ कोंबड्याचं नाव तिनंच ठेवलं, पाद्रीबुवा.
हा त्याचा नववा की दहावा वारस.

माणसाचं पोर नऊ महिन्यांत होतं.
हिला भरायला त्यावर आणखी एक लागतो.
तेवढ्यात गावाबाहेरच्या लांबलचक शेडमधल्या
सात पिढ्या ट्रकमधून गेलेल्या असतात.
हिला घाई नाही.
खुराड्यात कोंडाल तर दाणा टिपणार नाही,
भिंतीकडे तोंड करून उभी राहील,
नोकरी गेल्याचं घरी न सांगितलेल्या माणसासारखी.

रविवारी तीन घरांतून चेरीवरच्या जाळ्या आणल्या.
माझ्या मेव्हण्याच्या ट्रकची ताडपत्री,
तिच्यावर अर्धंच उरलेलं फर्निचरच्या दुकानाचं नाव.
मी शिडी धरली. तो शिवत होता,
तोंडात सुतळी, बोटं गारठून लाल,
मधेच खाली ओरडायचा:
धर नीट, मी अजून भरलेला नाही!
अंधार पडेपर्यंत
अख्ख्या झाडाला टोपरं घातलं आम्ही.

बुधवारी सरकारी डॉक्टर आली,
तिफेन लोरियो, नवी, बुटांवर निळ्या पिशव्या.
झाडाभोवती दोन चकरा मारल्या.
तेरा मोजल्या.
चौदावी ताडपत्रीच्या वर बसून
पंख साफ करत होती.
आन्सेल्म खोकला.
मी उगाच शिडी हलवली.
डॉक्टरनं मान वर केली नाही;
का नाही, ते तिचं तिला ठाऊक.
चौदा, तिनं लिहिलं.

मग एका रकान्यापाशी अडली.
छपराचा प्रकार.
पेन बराच वेळ दातांत होतं.
एक फांदी ताडपत्री फाडून बाहेर आली होती,
टोकाशी घट्ट मिटलेली कळी.
लाकडी, तिनं लिहिलं.
उंची, सहा मीटर.
आणि जाता जाता फांदीकडे बोट दाखवून:
तेवढं भोक बुजवा.

त्यानं बुजवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा धुकं इतकं
की सायकलचा दिवा माझ्याच हातांवर पडत होता.
पिव्हरोंच्या फाटकाशी आले, नि आतून,
जाळीखालून, ताडपत्रीखालून,
पाद्रीबुवांनी घसा साफ केला.
कोंबडं झाकलं होतं,
रीतसर, शिक्क्यासकट.
तरी उजाडलं.
जरा उशिरा, जानेवारीत उजाडतं तसं.